गाडी गवतावर धावेल, पण गवत कुणाचं?

‘किती देते?’ नवी बाईक घेतली की पहिला प्रश्न हाच. रंग, लूक, सीसी वगैरे नंतर. आधी अ‍ॅव्हरेज सांग. त्यामुळे २०२५ च्या ऑगस्टमध्ये तुमच्या फीडवर जो गदारोळ झाला, त्यात नवल काहीच नव्हतं. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून गाडी कमी देते, जुन्या गाडीचे रबरी पाइप खराब होतात, असं लाखो लोक एकाच वेळी बोलू लागले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १ सप्टेंबर २०२५ ला कोर्टानं याचिका फेटाळली आणि चर्चा हळूहळू थंडावली.

तक्रार अगदीच हवेतली नव्हती. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलं होतं की, जुन्या पद्धतीच्या चारचाकी ई-२० वर सहा-सात टक्के आणि दुचाकी तीन-चार टक्के कमी देतील. ई-२० साठीच बनवलेल्या गाड्यांना फरक फारसा जाणवत नाही. म्हणजे तुमची बाईक नवी असेल तर फार रडू नका आणि बाबांची जुनी स्कूटर असेल तर त्यांचं म्हणणं ऐकून घ्या.

पण मला आज टाकीत पडल्यानंतरचा नाही, टाकीत पडण्याआधीचा प्रश्न विचारायचाय. हे इथेनॉल येतं कुठून?

२०१४ मध्ये देशाच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होतं. वीस टक्क्यांचं लक्ष्य आधी २०३० चं होतं, ते अलीकडे ओढलं आणि २०२५ मध्ये गाठलंसुद्धा. सरकारी योजनेचं लक्ष्य मुदतीआधी पूर्ण होणं ही दुर्मीळ गोष्ट, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. कच्च्या तेलाची आयात तेवढी कमी झाली, पैसे देशात राहिले, साखर कारखान्यांना दुसरा धंदा मिळाला. सगळं खरं.

आता बिल बघा. उसापासून एक लिटर इथेनॉल म्हणजे सुमारे २,८६० लिटर पाणी, हा आकडा पुन्हा नीती आयोगाच्याच अहवालातला. लातूरला रेल्वेनं पाणी नेलेलं २०१६ साल ज्यांना आठवतं, त्यांना यावर वेगळं काही सांगायला नको. २०२३ मध्ये पाऊस रुसला, साखर कमी पडेल अशी भीती वाटली आणि ७ डिसेंबरला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला अचानक मनाई केली. नंतर ती सैल केली, पुढच्या हंगामात उठवली. पण कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्या आपल्याकडच्या कारखान्यांच्या तोंडचं पाणी तेव्हा पळालं होतं.

मग ऊस नको तर धान्य घ्या. आज देशातलं निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्यापासून होतं, त्यात मक्याचा वाटा मोठा, कारण मक्याच्या इथेनॉलला तेल कंपन्या लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे देतात. परिणाम असा की, मका निर्यात करणारा भारत २०२४ मध्ये आयात करू लागला. मका हे कोंबड्यांचं मुख्य खाद्य. त्यामुळे पोल्ट्रीवाले ओरडू लागले. कॉलेजबाहेरच्या गाडीवरची अंडा भुर्जी आणि तुमच्या बाईकची टाकी आता एकाच शेतातून भरतात, असं म्हटलं तर ते विनोदी वाटेल, पण हिशेब तोच आहे. याशिवाय अन्न महामंडळाच्या गोदामातला तांदूळ आहेच. २०२४-२५ या एका वर्षासाठी ५२ लाख टन तांदूळ इथेनॉलसाठी राखून ठेवला होता.

इथंच आजच्या गोष्टीतलं मुख्य पात्र प्रवेश करतं: गवत. आणि त्याचे भाऊबंद म्हणजे भाताचा पेंढा, उसाचं पाचट, चोयट्या, बांबू, पऱ्हाटी, लाकडाचा भुसा. जे आपण खात नाही ते सगळं. याच्यापासून जे इथेनॉल होतं त्याला ‘दुसऱ्या पिढीचं’ किंवा नुसतं टू-जी म्हणतात. (टू-जी म्हटलं की आधीच्या पिढीला घोटाळा आठवतो, तो वेगळा.)

कल्पना इतकी सोपी आहे की, आजवर का नाही केलं असं वाटतं. दाणा माणसाला, काडी गाडीला! अडचण काडीच्या अंगातच आहे. उसाचा रस म्हणजे तयार साखर, यीस्ट टाकलं की आंबतो. दाण्यातला स्टार्च म्हणजे साखरेच्या सैल माळा, त्या तोडायला सोप्या. पण काडीतली साखर सेल्युलोजच्या रूपात असते. त्या माळा घट्ट विणलेल्या, त्याभोवती हेमिसेल्युलोज आणि या सगळ्यावर लिग्निनचा लेप. लिग्निन म्हणजे झाडाचं सिमेंट समजा. झाडानं उभं राहावं, वाऱ्यात मोडू नये, किड्यानं खाऊ नये म्हणून कोट्यवधी वर्षं खपून केलेली ही व्यवस्था आहे. आपण ती काही तासांत उलगडायला निघालोय.

यातला सगळ्यात भारी किस्सा दुसऱ्या महायुद्धातला. पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कपडे भराभर कुजायला लागले. शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा गुन्हेगार म्हणून एक बुरशी सापडली, कापसातलं सेल्युलोज खाऊन त्याची साखर करणारी. पुढे सैन्याच्या प्रयोगशाळेत तिच्यावर काम करणाऱ्या एल्विन रीस यांच्या नावावरून तिचं नाव पडलं ट्रायकोडर्मा रीसी. तंबू वाचवण्यासाठी जिचा अभ्यास सुरू झाला, तिच्याच वंशावळीतल्या बुरश्या आज काडीतून साखर सोडवणारी एन्झाइम्स तयार करतात.

तर कृती अशी. काडी बारीक करायची, आम्ल आणि वाफेच्या दाबाखाली शिजवून लिग्निनचा लेप सैल करायचा, मग एन्झाइम घालून साखर सोडवायची, मग यीस्ट. त्यातही खोड अशी की, हेमिसेल्युलोजमधून निघणारी झायलोज ही साखर नेहमीचं यीस्ट तोंडातसुद्धा घेत नाही. तिच्यासाठी जनुकं बदललेलं खास यीस्ट लागतं. उरलेलं लिग्निन बॉयलरमध्ये जाळून वाफ. प्रयोगशाळेत हे सगळं जमतं. कारखान्यात जमतं का? आणि परवडतं का?

हा प्रश्न आपल्याआधी अमेरिकेनं विचारला आणि भरपूर फी भरून उत्तर मिळवलं. जानेवारी २००६ मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी संसदेपुढच्या वार्षिक भाषणात स्विचग्रासचं नाव घेतलं. हे तिकडच्या माळरानांवर आपोआप वाढणारं उंच गवत. दुसऱ्या वर्षी कायदा झाला: २०२२ पर्यंत काडी-गवतापासून वर्षाला १६ अब्ज गॅलन इंधन. गुंतवणूकदार धावले, सरकारनं कर्जहमी दिली. जॉर्जियातला रेंज फ्युएल्सचा लाकडाच्या चिपांवरचा प्रकल्प २०११ मध्येच बंद पडला. कॅन्सासमधला अबेंगोआचा प्रकल्प २०१४ मध्ये सुरू झाला, दोन वर्षांत कंपनी दिवाळखोरीत. आयोवात ड्यूपाँटनं २०१५ मध्ये जगातला सगळ्यात मोठा असा प्रकल्प थाटात उघडला आणि २०१७ मध्ये विकायला काढला. त्याच आयोवातल्या पोएट-डीएसएमनं २०१९ मध्ये उत्पादन थांबवलं. यातले बहुतेक प्रकल्प गवतावर नव्हतेच. ते मक्याच्या ताटांवर किंवा लाकडावर होते, कारण गवत लावायला शेतकरी तयार होईपर्यंत कारखाना थांबू शकत नव्हता.

का फसले? तेल स्वस्त झालं हे एक. धोरण दरवर्षी हलत राहिलं हे दुसरं. पण मला तिसरं कारण जास्त बोलकं वाटतं: माती. शेतातून गोळा केलेल्या गठ्ठ्यांबरोबर माती, वाळू, खडे येतात. मशीन झिजतं, पाइप तुंबतात, कारखाना थांबतो. शुद्ध नमुन्यावर पीएचडी झालेलं तंत्रज्ञान शेतातल्या गठ्ठ्यापुढे गुडघ्यावर आलं. आणि १६ अब्ज गॅलनचं काय झालं? त्या खात्यात नंतर जे जमा झालं, त्यातला मोठा भाग कचरा डेपोतून निघणाऱ्या गॅसचा होता. ड्यूपाँटचा तो प्रकल्प जर्मनीच्या वर्बिओ कंपनीनं घेतला आणि तिथं मक्याच्या ताटांपासून आता गॅस तयार होतो. द्रव इंधनापेक्षा गॅस सोपा, कारण सगळी काडी सोलत बसावी लागत नाही. जिवाणू जमेल तेवढं खातात, उरलेलं खत म्हणून परत शेतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आपल्याकडे या. १० ऑगस्ट २०२२ ला पानिपतमध्ये इंडियन ऑइलच्या टू-जी प्रकल्पाचं लोकार्पण झालं. खर्च ९०० कोटींच्या वर, तंत्रज्ञान आपल्या पुण्याच्या प्राज कंपनीचं, कच्चा माल भाताचा पेंढा, म्हणजे हिंदी चॅनेलवाल्यांची ‘पराली’. दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जी जाळल्यावर दिल्लीचा श्वास कोंडतो, तीच. वर्षाला दोन लाख टन पेंढा आत, तीन कोटी लिटर इथेनॉल बाहेर, अशी रचना. कल्पना म्हणून याच्यापेक्षा देखणं काय असणार?

फक्त एक भागाकार करा. ई-२० साठी देशाला वर्षाला अंदाजे १,०१६ कोटी लिटर इथेनॉल लागेल, असं नीती आयोगानं मांडलं होतं. पानिपतचे तीन कोटी म्हणजे त्यातले हजारात तीन. ते सगळं काडीपासून करायचं तर असे साडेतीनशेच्या आसपास प्रकल्प हवेत. टू-जीला मदत म्हणून ‘जी-वन’ योजना २०१९ मध्ये आली, तिच्यात व्यावसायिक प्रकल्प धरले होते बारा. मुदत आता २०२८-२९ पर्यंत वाढवली आहे.

दुसरं उदाहरण आसाममधलं. गोलाघाट जिल्ह्यात नुमालीगड रिफायनरीनं फिनलंडच्या कंपन्यांबरोबर बांबूपासून इथेनॉल करणारा प्रकल्प उभारला. त्याचं उद्घाटन १४ सप्टेंबर २०२५ ला झालं. वर्षाला पाच लाख टन हिरवा बांबू, त्यातून ४९ हजार टन इथेनॉल, शिवाय फर्फ्युरल आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड ही विकण्याजोगी रसायनं. बांबू हे शास्त्रीयदृष्ट्या गवतच, हे तुम्ही शाळेत वाचलं असेल. कायद्याला ते कळायला २०१७ उजाडलं. तोवर भारतीय वन कायद्यात बांबू ‘झाड’ होता आणि स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेतानाही परवान्याची भानगड असे. कायद्यातला तो एक शब्द हलल्यामुळे जंगलाबाहेरचा बांबू मोकळा झाला. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं घालवलेल्या लोकांना हे ऐकून हसावं की रडावं कळणार नाही.

या सगळ्यात एक शब्द सारखा येतो: ‘कचरा’. पीपीटीमध्ये लिहिलेलं असतं, शेतातला टाकाऊ माल, किंमत जवळजवळ शून्य. गावाकडची पोरं इथं लगेच हसतील. ज्वारीचा कडबा टाकाऊ? दुष्काळात कडब्याचा शेकड्याचा भाव ऐकलाय कधी? कोकणात भाताच्या पेंढ्यावर गुरं पावसाळा काढतात. पंजाब-हरियाणातला बिगर-बासमती पेंढा गुरं आवडीनं खात नाहीत, भात काढल्यापासून गहू पेरेपर्यंत मोजून तीन आठवडे मिळतात, म्हणून तिथं तो जळतो. तिथला कचरा इथला चारा असतो. शिवाय तिथंही ज्या दिवशी कारखान्याची ट्रॉली दारात येते, त्या दिवसापासून पेंढ्याला भाव फुटतो आणि पीपीटीतला शून्य गायब होतो. तो फुटायलाही हवा. शेतकऱ्यानं फुकट का द्यावं?

पानिपतला रोज साधारण साडेपाचशे टन पेंढा लागतो, बाराही महिने. तो शेतात पडलेला असतो वर्षातले काही आठवडे. म्हणजे बेलर मशीन, ट्रॅक्टर, मजूर हे सगळं एकाच वेळी हवं. पुढे वर्षभर लाखो टन सुका पेंढा आगीपासून आणि पावसापासून सांभाळायचा. एन्झाइमवर शोधनिबंध ढिगानं आहेत. गंजी कशी रचायची यावर कुणाला नोबेल मिळत नाही, पण प्रकल्प चालायचा की नाही ते तिथं ठरतं.

मग कारखान्यासाठी मुद्दाम गवतच लावलं तर? ही कल्पना आपल्याकडे जोरात आहे, नेपियरच्या रूपात. आपण ज्याला हत्ती गवत म्हणतो त्याचेच संकरित वाण. वर्षाला अनेक कापण्या, एकरी शे-दीडशे टनांच्या जाहिराती. यापासून इथेनॉलपेक्षा दाबयुक्त बायोगॅस, म्हणजे सीबीजी करण्यावर भर आहे. आयोवातलं लक्षात ठेवा म्हटलं होतं, ते यासाठी. केंद्राच्या ‘सतत’ योजनेनं २०१८ मध्ये पाच हजार गॅस प्रकल्पांचं स्वप्न दाखवलं होतं, ते २०२३-२४ पर्यंत पूर्ण व्हायचं होतं. प्रत्यक्षात त्याच्या काही टक्केच उभे राहिले. आता शहरी गॅस कंपन्यांना ठरावीक टक्के सीबीजी मिसळण्याची सक्ती सुरू झाली आहे, २०२५-२६ मध्ये एक टक्का, २०२८-२९ पासून पाच. त्यामुळे मागणी येणार हे नक्की.

म्हणून तुमच्या गावात कुणी टाय लावून आलं आणि ‘नेपियर लावा, आम्ही सगळं घेतो’ म्हणालं, तर घरच्यांच्या बाजूला बसून चार प्रश्न तुम्ही विचारा. वजन ओल्याचं की सुक्याचं? कारण हिरव्या नेपियरमध्ये पाचातले चार भाग पाणी असतं, आणि भाड्याच्या ट्रकमधून पाणी फिरवणं कुणालाच परवडत नाही. प्रकल्प किती किलोमीटरवर, आणि तो उभा आहे की फक्त भूमिपूजन झालंय? भाव लेखी किती वर्षांचा? आणि आधी सभासद फी किंवा बेण्याचे पैसे का हवेत?

आणि पाणी. नेपियर पडीक जमिनीतही येतं, हे अर्धंच खरं. जगतं. जाहिरातीइतकं वाढत नाही. त्या वाढीला पाणी आणि खत लागतं, म्हणजे ते पुन्हा उसाच्या नाहीतर चाऱ्याच्या जागेवरच येतं. हा धडा आपण एकदा शिकलोय. २००३ मध्ये नियोजन मंडळाच्या समितीनं पडीक जमिनीवर मोगली एरंड लावून २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के बायोडिझेल मिसळायचा बेत मांडला होता. मोगली एरंड म्हणजे जट्रोफा. रोपं लागली. बिनपाण्याची ती जगली, पण बिया हव्या तेवढ्या आल्याच नाहीत. तुमच्या काकांना विचारा, बांधावर एखादं झाड अजून असेल.

‘पडीक’ या शब्दाचंही तसंच. सोलापूर, नगर, पुण्याच्या पूर्वेकडची माळरानं सरकारी नकाशात बऱ्याचदा पडीक म्हणून रंगवलेली असतात. तिथं धनगरांची मेंढरं चरतात, लांडगे आणि खोकड राहतात, काळवीट उड्या मारतं. नान्नजचं माळढोक अभयारण्य याच गवतावर उभं राहिलं आणि माळढोक तिथून जवळजवळ दिसेनासा झाला. या गवताची मुळं जमिनीत कार्बन धरून ठेवतात. ते नांगरून तिथं ‘हरित इंधनाचं’ गवत लावणं म्हणजे एक गवत काढून दुसरं लावायचं आणि मधल्या मध्ये मेंढपाळाची वाट बंद करायची. याला माझा साफ विरोध आहे. नेपियर लावायचंच तर ज्याच्याकडे पाणी आहे त्यानं स्वतःच्या उसाच्या तुकड्यात लावावं. तिथं निदान हिशेब मांडून बघता येईल. गायरानात नको.

मला विचाराल तर आपल्याकडे सुरुवात जो माल आधीच एका जागी गोळा होतो तिथून व्हावी. साखर कारखान्यात उसाच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के बगॅस निघतो, तो वेगळा गोळा करावा लागत नाही, धुतलेला-चिरडलेला येतो. ब्राझीलमध्ये रायझेन कंपनीनं टू-जी इथेनॉल केलं ते याच जोरावर, साखर कारखान्याला लागून. आपले कारखाने बगॅस जाळून वाफ आणि वीज करतात, त्यामुळे तोही फुकट नाही. पण जुने बॉयलर बदलले तर बगॅस वाचतो. पाचटाचं मात्र जपून. ते जाळणं वाईटच, पण सगळं उचलून नेणंही वाईट. सरीत कुजलं तर ओल टिकते आणि जमिनीचा कस वाढतो. आयोवातही शेतातली सगळी ताटं उचलत नव्हते, काही हिस्साच घेत होते.

सगळ्यात कमी चर्चा होते ती पऱ्हाटीची. विदर्भ-मराठवाड्यात कापूस संपला की शेतात उभी राहते ती. गुरं ती खात नाहीत, थोडी चुलीला जाते, बाकी बांधावर रचून पेटवतात. कृषी खातं दरवर्षी सांगतं की फरदड घेऊ नका, पऱ्हाटी शेतात ठेवू नका, नाहीतर गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामासाठी मुक्काम ठोकते. म्हणजे हा असा माल आहे जो शेतातून वेळेवर बाहेर गेला तर शेतकऱ्याचंच भलं. त्याच्या कांडीकोळशावर आणि पार्टिकल बोर्डवर ‘सिरकॉट’ या केंद्रीय संस्थेनं बरंच काम केलंय, तिचं केंद्र नागपुरात आहे. अडतं तिथंच, गोळा करण्यात. पऱ्हाटी कडक, फांद्या पसरलेल्या, ट्रॉली भरली तरी वजन भरत नाही.

तुमच्यापैकी जे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेत आणि प्रोजेक्टसाठी पुन्हा एकदा ‘स्मार्ट डस्टबिन’ करायच्या विचारात आहेत, त्यांनी या फेब्रुवारीत यवतमाळ नाहीतर परभणीकडच्या एखाद्या शेतात दोन दिवस जाऊन या. एका एकरात सुकलेली पऱ्हाटी किती किलो भरते, ती उपटायला किती मजुरी, जागेवर तुकडे केले तर ट्रॉलीत किती बसते आणि वीस किलोमीटरवर नेईपर्यंत किलोमागे किती रुपये लागतात, एवढं वहीत लिहून आणा. वजनकाटा बरोबर न्या, गावातला बहुतेक वेळा जिनिंगवाल्याकडेच असतो.